पाठमोरी वेणी

क्रासेन वेल्चेव्हच्या घरात गेल्या चार वर्षांत गरम सूप कुणाच्या तोंडी पडलं नव्हतं. टेबलावर पाव आला, मिरच्यांचं लोणचं आलं, सूपची भांडी वाफाळू लागली, की क्रासेन उठायचा आणि म्हणायचा, "कुणी हात लावू नका." मग पडदा अर्धा सारायचा. सहा वर्षांच्या वेलाची खुर्ची वीतभर खिडकीकडे सरकवायची, अकरा वर्षांच्या यानित्साची वेणी खांद्यावरून पुढे घ्यायची, आणि दोघींनी हसायचं. हे सगळं मनासारखं होईपर्यंत घेवड्याच्या सूपवर साय धरलेली असायची. त्याची बायको स्नेझा म्हणायची, "आमच्या घरी आधी कॅमेरा जेवतो, मग माणसं."

तुमच्याही घरात, निदान शेजारीपाजारी, असा एखादा असेलच. वाईट माणूस नसतो तो. क्रासेनही नव्हता. दारूला शिवत नव्हता, बायकोवर आवाज चढवत नव्हता, पाणीखात्यातलं काम वेळेवर करून सरळ घरी यायचा. पण पाणीखात्यात अठरा वर्षं काढूनही त्याला गावात कुणी ओळखत नव्हतं. फोटो काढायला लागल्यापासून मात्र बेकरीतली बाईसुद्धा विचारायची, "त्या दोन गोड मुलींचे बाबा ना तुम्ही?" एवढ्या एका वाक्यावर तो आठवडाभर खूश असायचा. कौतुकाची चटक तंबाखूपेक्षा वाईट, आणि तिच्या कुठल्याच डब्यावर धोक्याची सूचना छापलेली नसते.

मुलींचे चार हजारांवर फोटो त्याने काढले होते. आंघोळीचे, आजारपणातले, पडलेल्या दाताचे, झोपेत लाळ गळत असतानाचे. त्यातले निम्मे त्याने इंटरनेटवर टाकले होते आणि उरलेले पाहुण्यांना दाखवायला ठेवले होते. वेला बिचारी त्यातच वाढली. खेळताना पडली, तर रडण्याआधी ती बाबांच्या हातात कॅमेरा आहे का ते बघायची. यानित्सा मात्र गेल्या हिवाळ्यापासून "हा नको" म्हणू लागली होती. क्रासेन हसायचा. "अगं वेडे, तीनशे लोकांनी छान म्हटलंय." ती म्हणायची, "मी नाही म्हटलेलं." तो तेही हसण्यावारी न्यायचा.

मग ईस्टरआधीचा लाझारचा शनिवार आला. त्या दिवशी मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि टोपलीत अंडी गोळा करतात. यानित्साचं हे पहिलंच वर्ष. पणजीचा भरतकाम केलेला झगा स्नेझाने तीन आठवडे बसून तिच्या मापाचा करून घेतला होता. पण यानित्साचा सगळा जीव अडकला होता तो दुसऱ्या दिवसात, फुलांच्या रविवारात. त्या सकाळी सगळ्या मुली तुंजा नदीवर जातात, वाळुंजाच्या कोवळ्या डहाळ्यांची गुंफलेली गोल कडी पाण्यात सोडतात, आणि जिचं कडं सगळ्यांच्या पुढे जाईल ती त्या वर्षीची कूमित्सा, म्हणजे मुलींची म्होरकी. सगळ्या जणी तिच्या घरी जातात, तिची आई पाव मोडून वाटते. पुढचा आठवडाभर बाकीच्या मुलींनी तिच्यासमोर तोंडातून शब्द काढायचा नाही. ईस्टरला तिच्या हातात लाल अंडं दिलं आणि तिने ते घेतलं, की मौन सुटतं. कुणाच्या नशिबी मान येईल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक मुलीची आई पहाटे उठून पाव भाजून ठेवते. स्नेझानेही ठेवला होता.

नऊ मुली नदीकाठी ओळीने उभ्या राहिल्या. गाणी शिकवणाऱ्या राइनाबाईंनी खूण केली, नऊ कडी पाण्यावर पडली, आणि यानित्साचं कडं असं सुटलं की जणू त्याला कुणी बोलावत होतं. पुलाच्या खांबापाशी ते बाकीच्यांच्या हातभर पुढे होतं. यानित्साने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. स्नेझाने काठावरून पाहिलं, वेलाने पाहिलं, आणखी चार जणींनी पाहिलं.

क्रासेनने पाहिलं नाही. तो कॅमेऱ्याचं भिंग बदलत होता.

त्याने मान वर केली तेव्हा ढग बाजूला होऊन पाण्यावर सोनेरी ऊन सांडलं होतं, आणि कडी मात्र खाली वाहून चालली होती. "थांबा, थांबा," तो दगडावर चढून ओरडला. "पुन्हा एकदा सोडा. आता कुठे उजेड आलाय. दोन मिनिटांचं काम आहे."

खरं म्हणजे तिथे कुणीतरी खडसावून नाही म्हणायला हवं होतं. स्नेझा म्हणालीही, "क्रासेन, पुरे झालं." पण गावच्या दिनदर्शिकेत दरवर्षी क्रासेनचाच फोटो असतो, राइनाबाईंना आपल्या मुली त्या पानावर हव्या होत्या, आणि आयांना आपापली मुलगी हवी होती. काठाकाठाने धावत जाऊन दाताळ्याने कडी ओढून आणली. पाण्याने जड झालेली, गाठी सैल पडलेली. पुन्हा ओळ लागली, पुन्हा खूण झाली. या खेपेला यानित्साचं कडं दोन हातही गेलं नाही. बाजूच्या लव्हाळ्यात अडकलं आणि तिथेच उलगडलं. दंतवैद्याची मुलगी कालिना, तिचं कडं पुढे गेलं.

यानित्सा शांतपणे म्हणाली, "पण माझं आधी आलं होतं."

बायकांत कुजबुज सुरू झाली. स्नेझा आणि काही जणी म्हणाल्या पहिलं खरं, काही म्हणाल्या दुसरं. कालिनाच्या आईने तर पहिल्या वेळी कुणाचं पुढे होतं ते आपल्याला दिसलंच नाही, असं सांगून टाकलं. शेवटी राइनाबाईंनी क्रासेनला विचारलं, "तुम्ही तर डोळ्यांत तेल घालून बघत होतात. कुणाचं होतं पुढे?"

क्रासेन प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "मी भिंग बदलत होतो हो. पहिलं मी पाहिलंच नाही."

"मग ज्याचा फोटो आहे तेच धरू," राइनाबाई म्हणाल्या, आणि प्रकरण मिटलं.

यानित्सा पणजीच्या झग्यासकट गुडघाभर पाण्यात उतरली. लव्हाळ्यातून डहाळ्या सोडवू लागली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता, नाक वाहत होतं, डोक्यावरची फुलं एका कानावर घसरली होती, आणि पाठीमागे बाकीच्या सात जणी कालिनाला मध्ये घेऊन गात निघाल्या होत्या. ऊन नेमकं तिच्या गालावर पडलं होतं. बापाच्या बोटाने बापाला विचारलं नाही. कॅमेरा वाजला.

त्या दिवशी स्नेझाचा पाव फडक्याखाली तसाच राहिला. दुपारी यानित्सा बाबांजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, तो नदीतला फोटो कुणाला दाखवू नकोस."

"बरं."

"नक्की?"

"अगं, बरं म्हणालो ना."

तिने विश्वास ठेवला. आठवडाभर ती वर्गात कालिनासमोर एक शब्द बोलली नाही. रीत म्हणजे रीत. हरलेल्यानेही ती पाळायची असते, असं तिचं म्हणणं.

इकडे बापाने बुधवारी तो फोटो वाचनालयातल्या वसंत स्पर्धेला पाठवला. त्याने मनाशी बरीच वकिली केली होती. हा काही घरगुती फोटो नाही, ही कला आहे. तिला आत्ता कळत नाही, मोठी झाल्यावर आभार मानेल. आणि बक्षीस थोडंच मिळणार आहे? बक्षीस मिळालं. पहिलं मिळालं! शनिवारी प्रदर्शन उघडलं, आणि वाचनालयाच्या रस्त्याकडच्या काचेत दारभर मोठी यानित्सा लागली, नाक वाहणारी, झगा भिजलेली. खाली क्रासेननेच सुचवलेलं नाव होतं, "वसंताचे अश्रू". घरी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ईस्टरची गंमत म्हणून सांगायचं ठरवलं होतं.

ईस्टरच्या सकाळी मुली लाल अंडी घेऊन कालिनाच्या घरी निघाल्या. वाट वाचनालयावरूनच जाते. सात मैत्रिणींच्या घोळक्यात यानित्सा त्या काचेसमोर येऊन उभी राहिली. कुणीतरी नाव मोठ्याने वाचलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. तिथून पुढे कालिनाच्या दारापर्यंत ती गेली कशी, हे तिलाच ठाऊक. दारात कालिनाने एकेकीच्या हातातलं अंडं घेतलं आणि यानित्साची पाळी आल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "तू माझ्यामुळे एवढी रडलीस होय?" पोरीच्या मनात विष नसेलही. पण बाकीच्या सातही जणी हसल्या. यानित्साने पुढे केलेला हात मागे घेतला आणि ती घरी आली.

क्रासेन प्रशस्तिपत्र घेऊन स्वयंपाकघरात तिची वाटच बघत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातलं लाल अंडं परत वाडग्यात ठेवलं, आणि खोलीत निघून गेली. अंडं परत आलं म्हणजे मौन सुटलं नाही. फक्त ते आता कालिनासमोरचं राहिलं नाही, बापासमोरचं झालं.

स्नेझा म्हणाली, "तू तिला शब्द दिला होतास."

"चार दिवसांत विसरेल गं. मूल आहे."

चार दिवस गेले, चार आठवडे गेले. घरात ती बोलायची, आईशी, वेलाशी, मांजराशी. बाबा खोलीत आला की वाक्य अर्ध्यावर थांबायचं. शाळेत मुलं तिला बघून गालावरून बोट ओढायची आणि "रडकी कूमित्सा" म्हणायची. ती कूमित्सा झालीच नव्हती, एवढंही त्यांना माहीत नव्हतं. ती स्मशानामागच्या लांबच्या रस्त्याने घरी येऊ लागली. क्रासेनला हे सगळं उशिरा कळलं, कारण ते कॅमेऱ्यात दिसण्यासारखं नव्हतं.

मे महिन्यात चौथीच्या वर्गाचा फोटो झाला. आठवड्याने वर्गशिक्षिकेने क्रासेनला बोलावून तो हातात ठेवला. बावीस चेहरे, आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, एक पाठमोरी वेणी.

"मी तीनदा सांगितलं, वळ," शिक्षिका म्हणाली. "तिने विचारलं, 'वळायलाच हवं का?' मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा."

क्रासेनला उत्तर सुचलं नाही, उपाय सुचला. तो फोटो घेऊन तडक हारालाम्पी काकांकडे गेला. हारालाम्पी काका म्हणजे चौकातल्या जुन्या स्टुडिओचे मालक, वय अठ्ठ्याहत्तर. अर्ध्या गावाचे लग्नाचे आणि सगळ्या गावाचे ओळखपत्राचे फोटो त्यांनी काढलेले. जुने फाटके फोटो असे सांधायचे की शिवण दिसू नये. क्रासेनने वर्गाचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. "काका, एवढं एक काम करा. हिचा चेहरा आत बसवून द्या. माझ्याकडे चेहरे पुष्कळ आहेत."

काकांनी चष्मा पुसला. "बसवता येईल. कुठला चेहरा बसवू?"

क्रासेनने फोन उघडून पुढे केला. काका एकेक फोटो सरकवत राहिले. सूपसमोर हसणारी यानित्सा, बर्फात हसणारी यानित्सा, तापाने फणफणलेली तरी हसणारी यानित्सा. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन परत दिला.

"यातला एक असा काढून दे, ज्यात ती तू सांगितलंस म्हणून हसत नाहीये. तोच बसवू."

क्रासेन शोधू लागला. आधी घाईघाईने, मग सावकाश. दोन वर्षं मागे गेला, तीन वर्षं गेला. काकांनी दरम्यान कॉफी केली, त्याच्यापुढे ठेवली. ती गार झाली.

"लहान होती तेव्हाचा चालेल का?" त्याने शेवटी विचारलं.

"चौथीच्या वर्गात तान्हं बाळ बसवू म्हणतोस?"

क्रासेनने फोन पालथा ठेवला. मग काका बोलू लागले. ते फारसं बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी बोलले.

"माझ्याकडे माणूस आला की मी आधी खुर्ची द्यायचो. बसा म्हणायचो. फोटो झाला की पहिली प्रत त्याच्या हातात. आवडली नाही तर फाड म्हणायचो, माझ्यासमोर फाड. चाळीस वर्षांत कितीतरी फाडल्या लोकांनी. एक बाई नवरा गेल्यावर आली होती, असा फोटो परत नशिबात येत नाही इतका सुरेख आला होता. तिने बघितला, चार तुकडे केले, धन्यवाद म्हणाली आणि गेली. मला रात्रभर झोप लागली नाही. पण चेहरा तिचा होता, बाबा. माझं फक्त यंत्र होतं."

"पण काका, ती परकी बाई. यानित्सा माझी पोटची मुलगी आहे."

काकांनी मान खाली घातली. "हेच. अगदी हेच वाक्य. स्पर्धेच्या परीक्षकांत मी होतो, तुला माहीत आहे. फोटो समोर आला तेव्हा एकाने विचारलं, ही मुलगी कोण, तिची परवानगी आहे का? मी म्हणालो, काढणाऱ्याचीच मुलगी आहे, मग परवानगीचा प्रश्नच कुठे येतो? आणि हात वर केला. चाळीस वर्षं परक्यांना विचारत आलो. परक्याची पोर असती तर त्या दिवशीही विचारलं असतं. तुझी होती, म्हणून कुणीच विचारलं नाही. तूही नाही, मीही नाही. आपल्या माणसाला परक्याएवढासुद्धा मान नाही, असली कसली आपली माया?"

क्रासेनने पालथा फोन खिशात घातला. म्हणाला, "तिने विचारलं होतं मला. दाखवू नकोस म्हणाली होती. मी बरं म्हणालो होतो."

"हे मला माहीत नव्हतं," काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती त्याला पुढे कितीतरी दिवस विसरता आली नाही.

त्याच दुपारी क्रासेन वाचनालयात गेला. शिडी मागून घेतली, स्वतः चढला, आणि काचेतला फोटो उतरवला. प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवून आला. इंटरनेटवरचे फोटो एकेक करून पुसायला त्याला तीन दिवस लागले. पण वसंताचे अश्रू तोवर गावातल्या शेकडो फोनांत जाऊन बसले होते, आणि कुणीतरी ते जिल्ह्याच्या पत्रकातही छापून टाकले होते. सोडलेलं कडं दाताळ्याने ओढून आणता येतं. ही गोष्ट कुठल्याच दाताळ्याला लागत नव्हती.

फोटो उतरवला त्याच संध्याकाळी तो यानित्साच्या दाराशी उभा राहिला. आत जायच्या आधी त्याने दार वाजवलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाला, "माझं चुकलं. तुझं कडं आधी आलं होतं आणि मी पाहिलं नाही. तू नको म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. यापुढे तू म्हणशील तेव्हाच, आणि तू म्हणशील तोच." आतून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.  तो परत फिरला.

कॅमेरा कपाटाच्या वरच्या खणात गेला. त्या उन्हाळ्यात घरात सूप गरमागरम प्यायलं जाऊ लागलं. जिभा भाजल्या, कारण सवय नव्हती. आता माझ्या वाचकांना वाटत असेल, मग हळूहळू सगळं गोड झालं असेल. तसं लिहायला मलाही आवडलं असतं.

ऑगस्टातली एक सकाळ. अंगणात वेला सुटलेल्या बुटाच्या नाडीशी झटत होती. क्रासेन तिच्यासमोर उकिडवा बसला आणि नाडी बांधू लागला. बांधता बांधता त्याने सहज मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने बघितलेलं दिसताच वेलाने हनुवटी डावीकडे वळवली, खांदे सरळ केले, आणि ते हसू चेहऱ्यावर चढवलं. सूपसमोरचं, बर्फातलं, चार हजार फोटोंतलं. आणि तशीच थांबून राहिली, बाबा "झालं" म्हणेपर्यंत.

क्रासेनच्या हातातून नाडी सुटली. सहा वर्षांच्या पोरीला बाबाने नुसतं बघावं, फक्त बघावं, म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ते त्याने तिला कधी शिकवलंच नव्हतं.

मागच्या पायरीवर यानित्सा घेवडा निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. ईस्टरपासून तिने बापासमोर तोंड उघडलं नव्हतं. ती बोलली, पण बापाशी नाही.

"वेला, हसू नकोस. काही नाहीये त्यांच्या हातात. बघ, रिकामे आहेत."

वेलाने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तिचं हसू हळूहळू उतरलं, आणि खाली जो चेहरा होता तो क्रासेनला ओळखू येईना.  इथे रडायचा हक्क त्याचा नव्हता. त्याने नाडी पुन्हा हातात घेतली आणि गाठ मारली.

यानित्सा त्याच्याविषयी 'त्यांच्या' म्हणाली होती, जसं परक्या माणसाविषयी म्हणतात. नदीवरच्या त्या दिवसापर्यंत ती 'बाबा, तू' म्हणायची.

आज त्या घरात बैठकीच्या भिंतीवर मुलींचा एकच फोटो आहे, चौथीच्या वर्गाचा. पाहुणे विचारतात, यात तुमची कुठली? क्रासेन बोट ठेवून वेणी दाखवतो. पाहुणे संकोचून म्हणतात, अरेरे, नेमकी पाठ आली. तो म्हणतो, "नाही, हाच तिने काढू दिलेला पहिला फोटो आहे." चार हजार त्याने घेतले होते, हा एक तिने दिला.

तेव्हा मित्रहो, मुलांचे फोटो काढा, जरूर काढा. पण मूल आपलं आहे म्हणून त्याचा चेहरा आपला होत नाही. परक्याला जे विचाराल ते आपल्या लेकराला आधी विचारा, आणि ते नको म्हणालं, तर यंत्र खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं बघा. बघायला उशीर केलात, तर ते वळून उभं राहतं, आणि मग भिंग कितीही बदललं तरी वेणीच दिसते.